जोखीमही वाचून दाखवा : मराठी विज्ञान परिषदेस खुले पत्र

प्रति,
मराठी विज्ञान परिषद,
चुनाभट्टी, मुंबई



‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत लिहिला आहे. आधी वीज, रेल्वे आणि शस्त्रक्रिया, मग हिरोशिमा आणि प्रदूषण, आणि शेवटी ठरलेला निष्कर्ष, की सारे वापरणाऱ्याच्या हातात आहे. परीक्षेत त्याला गुण मिळतात. पण एक प्रश्न त्यात झाकला जातो. वापरणारा कोण आणि भोगणारा कोण? फायदा एकाच्या पदरात पडतो आणि जोखीम दुसऱ्याच्याच माथी येते, तेव्हा दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून काढलेले उत्तर त्या दुसऱ्या माणसाच्या काहीच कामाचे नसते.

मी जयपूरच्या तिलक नगरात राहते. हे पत्र सरकारला न लिहिता परिषदेला लिहिते आहे, कारण १९६६ पासून मराठीत विज्ञान सांगण्याचे काम आपण सातत्याने केले आहे. व्याख्याने, पत्रिका, अधिवेशने, शाळकरी मुलांसाठीचे उपक्रम, विज्ञानकथांच्या स्पर्धा, यांतून दोन-तीन पिढ्यांना विज्ञानाची गोडी लागली. १९७४ च्या आपल्या कथास्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. मोठ्या नावाचे दडपण न येता कथेची पारख व्हावी, ही त्यामागची इच्छा होती. तंत्रज्ञानाची पारखही अशीच व्हायला हवी. त्याच्या झगमगाटाकडे, त्याच्या मागे उभ्या असलेल्या नावांकडे न पाहता, ते ज्याच्या अंगावर येणार आहे त्याच्या बाजूने. ही पारख सामान्य माणसाच्या हाती देण्याचे काम परिषदेने आता अंगावर घ्यावे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

तिलक नगर हा विद्यापीठ आणि मोती डुंगरी यांच्याजवळचा निवासी भाग. इथून जवळच सवाई मानसिंह रुग्णालय आहे, थोडे पुढे जुन्या तटबंद शहराच्या आत जंतर मंतर, आणि उलट्या बाजूला टोंक रस्त्याने दक्षिणेला गेले की सीतापुरा औद्योगिक क्षेत्र. तंत्रज्ञान माणसाच्या किती उपयोगी पडू शकते आणि त्याच माणसाला किती अंधारात ठेवू शकते, या दोन्ही गोष्टी एवढ्या टापूत घडून गेल्या आहेत.

आधी उपयोगाची गोष्ट. १९६० चे दशक संपत आले होते. सवाई मानसिंह रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी पाय गमावलेल्या रुग्णांवर उपचार करत. त्या काळी मिळणारा कृत्रिम पाय पाश्चात्त्य घडणीचा होता, घोट्यात ताठ आणि बुटाशिवाय न चालणारा. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला तो पुरेसा होता. राजस्थानातल्या शेतकऱ्याला मात्र उकिडवे बसायचे असते, मांडी घालून जेवायचे असते, देवळात अनवाणी जायचे असते, चिखलात उतरून पिकाला पाणी द्यायचे असते. रुग्ण पाय घेऊन गावी जात, काही दिवसांनी तो कोपऱ्यात ठेवत आणि पुन्हा कुबडी धरत. डॉक्टरांनी यात रुग्णांचा दोष मानला नाही. पायाची घडण चुकली आहे, हे त्यांनी ओळखले.

रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शालेय शिक्षण जेमतेम, पण हातात विलक्षण कसब. डॉक्टरांचे शरीररचनेचे ज्ञान आणि मास्टरजींचे साच्यांचे, रबराचे, लाकडाचे ज्ञान एकत्र आले. स्पंज रबर, लाकूड आणि टायरमध्ये वापरतात तसा दोरा भरलेले रबर साच्यात घालून, उष्णतेने पक्के करून त्यांनी एक पाऊल तयार केले. ते वाकत होते, मुरडत होते, पाण्याने खराब होत नव्हते आणि दिसायलाही पावलासारखे होते. पुढे १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि ‘जयपूर फूट’ म्हणून ओळखला जाणारा हा पाय गरजूंना विनामूल्य मिळू लागला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातानंतर पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन १९८४ मध्ये जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंचावर नाचल्या. अफगाणिस्तान आणि कंबोडियात भूसुरुंगांनी पाय तोडलेल्या माणसांपर्यंतही हे पाऊल पोचले. सुरुंग हेही तंत्रज्ञानच होते आणि पाऊल हेही तंत्रज्ञानच.

जयपूर फूट निर्दोष होता असे मी म्हणत नाही. हाताने घडवलेले पाऊल असल्यामुळे प्रत्येक नगाची गुणवत्ता सारखी राखणे अवघड होते, आणि वजनही जास्त होते. म्हणून पुढे ॲल्युमिनियमच्या नळीच्या जागी पाण्याच्या पाइपांसाठी वापरतात ते प्लॅस्टिक आले, पावलासाठी पॉलियुरेथेनचेही प्रयोग झाले. पण या सुधारणा होत गेल्या त्या एका कारणाने. ज्याच्या अंगाला ती वस्तू लागायची तो माणूस कार्यशाळेतच बसलेला असे. पाय टोचला तर तो तिथल्या तिथे सांगे. फायदा त्याचा, त्रास त्याचा आणि बोलण्याची जागाही त्याचीच.

आता दुसरी गोष्ट. २९ ऑक्टोबर २००९ ची संध्याकाळ. सीतापुऱ्यातल्या इंडियन ऑइलच्या डेपोतून शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या डेपोत पेट्रोल पाठवायची तयारी चालू होती. वाहिनीवरचा व्हॉल्व्ह हाताळताना पेट्रोल उसळून बाहेर आले. तिथे काम करणारा कर्मचारी वाफेने गुदमरला, मदतीला गेलेल्यांनाही जवळ जाता आले नाही. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले. चौकशी समितीच्या अंदाजानुसार या वेळात हजार टनांच्या आसपास पेट्रोल बाहेर पडले. त्याच्या वाफेचा ढग डेपोभर पसरला आणि साडेसातच्या सुमारास कुठल्याशा ठिणगीने त्याचा स्फोट झाला. आग एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर गेली. विझवणे शक्य नाही म्हणून पेट्रोल जळून संपू देण्याचा निर्णय झाला. ती आग सुमारे ११ दिवस चालली आणि शहरावर काळ्या धुराचा पट्टा दिसत राहिला. ११ माणसे गेली. त्यातली पाच डेपोत नोकरीला नव्हती.

एम. बी. लाल समितीने या दुर्घटनेची चौकशी केली. समितीचा अहवाल वाचताना सर्वात जास्त खटकते ती ही गोष्ट, की नियंत्रण कक्षातून तो व्हॉल्व्ह दूरवरून बंद करण्याची सोय मुळात तिथे होती आणि ती २००३ पासून चालत नव्हती. सहा वर्षे. म्हणजे तंत्रज्ञानाने धोक्याबरोबर त्याचे उत्तरही दिले होते, ते उत्तर बंद पडले होते, आणि डेपोच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या, काम करणाऱ्या माणसांना ते बंद पडल्याचे कळायला कोणताही मार्ग नव्हता. त्यांना विचारता आले असते तर त्यांनी विचारले असते. ‘तुमचा बंद करायचा खटका चालतो का?’ हा प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही.

तिसरी गोष्ट याच राज्यातली आहे, पण तिचा आवाज कधी झाला नाही. सिरोही जिल्ह्यातल्या पिंडवाडा भागात देवळांसाठी दगड घडवला जातो. पूर्वी छिन्नी-हातोडीने चालणारे काम आता विजेवरच्या ग्राइंडरने होते. नक्षी लवकर उतरते, मागणी भागते, देशभर आणि देशाबाहेर देवळे उभी राहतात. मात्र कोरडा दगड ग्राइंडरने घासताना सिलिकाची इतकी बारीक धूळ उडते की ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. तिने होणाऱ्या सिलिकोसिसवर बरे करणारा उपचार नाही. कित्येकांना वर्षानुवर्षे क्षयरोगाची औषधे दिली गेली, कारण लक्षणे मिळतीजुळती असतात. राजस्थानने २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण आणले, निदान झालेल्या कामगाराला ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये देण्याची तरतूद केली. हे चांगले झाले. पण दगडावर पाणी सोडत घासले आणि धूळ ओढून घेणारे यंत्र बसवले तर धूळ खूप कमी होते, हे ज्ञान नवे नाही. नव्या ग्राइंडरसोबत पाण्याची नळी पोचली असती तर भरपाई घ्यायची वेळ पुष्कळ घरांवर आली नसती.

हे सारे राजस्थानचे झाले, महाराष्ट्राला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो जण रुग्णालयात गेले. त्यामागचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळी आटोक्यात राहिली आणि अळीसाठीची फवारणी कमी झाली, हा खरा फायदा होता आणि शेतकऱ्याने तो अनुभवला. पुढे गुलाबी बोंडअळी बीटी कापसातल्या विषाला दाद देईनाशी झाली. रस शोषणाऱ्या किडी होत्याच. फवारणी पुन्हा वाढली, औषधे मिसळून मारली जाऊ लागली, जोरदार धार सोडणारे पंप आले. २०१७ मध्ये कपाशी डोक्याएवढी वाढली होती. त्या झाडांत उभे राहून, उकाड्यात, तोंडाला साधा रुमाल बांधून माणसे दिवसभर फवारत होती आणि वाऱ्याने ते विष त्यांच्याच नाका-डोळ्यांत येत होते.

कायद्याने कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. सोबत घडीपत्रक असते आणि ते स्थानिक भाषेतही असावे असा नियम आहे. लक्षणे कोणती, उतारा कोणता, काही औषधांच्या बाबतीत नेमका उतारा उपलब्ध नाही, हे सारे तिथे लिहिलेले असते. पण मुंगीएवढ्या अक्षरांतले ते पत्रक कृषी केंद्रातून शेतापर्यंत जाते आणि न उघडता बांधावर पडते. ज्या मजुराच्या पाठीवर पंप असतो त्याच्या हाती तर डबाही येत नाही. मालक पाण्यात औषध कालवून देतो, तो फवारतो. जोखीम छापलेली होती. ज्याच्या जिवाशी तिचा संबंध होता त्याला ती कोणी वाचून दाखवली नव्हती.

परिषदेतील मान्यवरहो, या चारही गोष्टी एकत्र ठेवल्या की एकच मुद्दा समोर येतो. जयपूर फूटमध्ये त्रास सोसणारा माणूस निर्णयाच्या जागी होता, म्हणून चुका दिसत गेल्या आणि दुरुस्त होत गेल्या. बाकी तीन ठिकाणी माहिती कागदावर होती, तज्ज्ञांच्या डोक्यात होती, कायद्याच्या पुस्तकातही होती, पण जिथे पोचायला हवी तिथे पोचली नाही. विज्ञान कमी पडले त्याहून फार जास्त ही ताटातूट नडली.

कायदाही मुका नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये वायू सुटला तेव्हा ओले फडके तोंडावर धरा आणि वारा वाहतो त्याच दिशेने पळू नका, एवढे दोन सल्लेही लोकांना आधी कोणी दिले नव्हते. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणे कारखानदारावर बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांत अपघाताची झळ पोचू शकेल अशा बाहेरच्या लोकांना धोका आणि करायची कृती, दोन्ही सांगा असे म्हटले. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमायला सांगितले. तरी डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला भीषण स्फोट झाले. भोवतालच्या इमारतींच्या काचा फुटल्या, माणसे गेली. शेजारच्या कारखान्यात काय साठवले आहे आणि स्फोट झाला तर पहिल्या दहा मिनिटांत आपण काय करायचे, हे आधी ठाऊक असलेली किती घरे त्या परिसरात असतील?

उपाय मला राजस्थानातच सापडतो. भोपाळला दहा वर्षे झाली त्याच तारखेला, २ डिसेंबर १९९४ रोजी, पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने एक जनसुनवाई भरवली. सरकारी कामांची हजेरीपत्रके, ज्यांना तिकडे मस्टर रोल म्हणतात, गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कोणाच्या नावावर किती मजुरी निघाली, हे नाव घेऊन सांगितले जाऊ लागले तेव्हा कामावर कधी न गेलेल्यांची नावे यादीत असल्याचे गावानेच दाखवले. कागदात लपलेले खोटे गावाच्या कानावर पडताच उघडे झाले. पुढे माहितीच्या हक्कासाठी ब्यावरचे १९९६ चे धरणे झाले आणि त्या वाटेने २००५ मध्ये देशाला माहिती अधिकाराचा कायदा मिळाला. त्या लोकांनी नवीन कागद तयार केला नव्हता. असलेला कागद संबंधितांसमोर वाचला होता.

माझी विनंती हीच आहे. परिषदेने मराठी मुलखात जोखीम-वाचनाची चळवळ सुरू करावी. जिथे एखादे तंत्रज्ञान लोकांच्या अंगणात आले आहे, तिथे त्याची अधिकृत कागदपत्रे, घडीपत्रक, आपत्कालीन आराखडा, चौकशी अहवाल, संबंधित लोकांसमोर सोप्या मराठीत वाचावीत. वाचणारा एक, समजावणारा त्या विषयाचा जाणकार एक, आणि प्रश्न विचारणारे गाव. प्रत्येक वाचनात चार प्रश्नांची उत्तरे मागावीत.

पहिला प्रश्न, यातून फायदा कोणाला होतो आणि धोका कोणाला आहे? दुसरा, बिघाड झालाच तर पहिल्या तासात आम्ही काय करायचे? तिसरा, बचावाची यंत्रणा शेवटची कधी तपासली, कोणी तपासली, आणि ती आज चालू आहे का? चौथा, ही गोष्ट चालेनाशी झाली, किंवा आम्हाला ती वापरता आली नाही, तर दुसरी वाट कोणती?

हा चौथा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे, कारण जोखीम दर वेळी धुराच्या रूपात येत नाही. राजस्थानात रेशन दुकानांत अंगठ्याचा ठसा जुळवणारी यंत्रे आली. बनावट शिधापत्रिका रोखण्याचा त्यांमागचा हेतू चांगला होता. पण कष्टाने घासलेल्या बोटांचे ठसे पुष्कळदा जुळत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाला धान्याविना परत जावे लागते. २६ सप्टेंबर २०२१ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवले गेले. परीक्षेला बसलेले आणि न बसलेले, साऱ्यांचेच व्यवहार त्या दिवशी अडले. मोबाइलवरून पैसे देणे ही माझ्यासारख्या साठीच्या पुढच्या माणसांनाही खरोखर सोय वाटते. मात्र त्याच फोनवर पोलिसाच्या वेशातला माणूस दिसतो, ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो आणि आयुष्यभराची पुंजी वळती करून घेतो. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही, हे एक वाक्य आणि १९३० हा तक्रारीचा क्रमांक जेवणाच्या टेबलाजवळ लिहून ठेवलेले घर अशा फसवणुकीतून वाचू शकते. यंत्र चालले नाही तर हाताने नोंद करण्याची सोय, नेट बंद असेल तर रोखीची सोय, फोन आला तर बोलायला घरचे माणूस, ही दुसरी वाट आखून ठेवणे हाही विज्ञानप्रसाराचाच भाग आहे.

सुरुवात तीन ठिकाणी करता येईल. डोंबिवलीच्या निवासी विभागात एका रविवारी आपत्कालीन आराखडा वाचावा. यवतमाळमधल्या एखाद्या गावात जूनमध्ये, फवारणी सुरू होण्याआधी, त्या गावात सर्वात जास्त खपणाऱ्या औषधाचे घडीपत्रक वाचावे, आणि त्या वाचनाला शेतमजूर स्त्री-पुरुष समोर बसलेले असावेत. तिसरे वाचन निवृत्तांच्या एखाद्या मंडळात, मोबाइलवरच्या पैशांच्या व्यवहारांचे. ज्या प्रश्नांना उत्तर मिळणार नाही ते आपल्या पत्रिकेत छापावेत आणि वर्षभराने त्याच ठिकाणी पुन्हा जाऊन काय बदलले ते विचारावे. याला मोठा निधी लागत नाही. निवृत्त अभियंते, डॉक्टर, कृषी विभागातून सेवानिवृत्त झालेले अधिकारी मराठी समाजात भरपूर आहेत. १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू करणाऱ्या डॉ. श्रीनाथ कालबागांनी गावातल्या मुलांच्या हातात अवजारे देऊन विज्ञान शिकवले. ती परंपरा आपल्याच भूमीतली आहे. तिला जोखमीची बाजू जोडायची आहे.

यावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार मी केला आहे.

एक म्हणजे, धोके वाचून दाखवले तर लोक घाबरतील आणि चांगल्या तंत्रज्ञानालाही नकार देतील. अनुभव उलट सांगतो. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. लशीचा हा विजय निर्विवाद आहे. पण तोंडावाटे देण्याच्या लशीतल्या विषाणूपासूनच अतिशय क्वचित आजार होऊ शकतो, हेही वैज्ञानिकांना माहीत होते. ते त्यांनी लपवले नाही. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लशीतून एक प्रकारचा विषाणू वगळण्यात आला आणि टोचण्याच्या लशीचीही जोड देण्यात आली. जोखीम मान्य केल्यामुळे लस अधिक सुरक्षित झाली. लोकांचा विश्वास तुटतो तो धोका आधी सांगितल्याने नव्हे. धोका नंतर बाहेरून कळला की तुटतो, आणि मग अफवांना सारे रान मोकळे मिळते.

दुसरा आक्षेप असा, की सामान्य माणसाने तज्ज्ञांवर शंका घेणे म्हणजे विज्ञानाला विरोध. याचे उत्तर जंतर मंतरमध्ये उभे आहे. १७२७ मध्ये जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहांनी युरोपातले खगोलशास्त्र जाणून घेण्यासाठी पोर्तुगालला माणसे पाठवली. परत येताना त्यांनी फिलिप द ला हीर यांची ग्रहगणिताची कोष्टके आणली. राजाने ती डोळे मिटून स्वीकारली नाहीत. आपल्या वेधशाळेच्या निरीक्षणांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक निघाला आणि त्यांनी तो लिहून ठेवला. २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र आजही सावलीवरून सुमारे दोन सेकंदांच्या फरकाने वेळ सांगू शकते. आलेले ज्ञान मन लावून शिकावे आणि आपल्या जागी उभे राहून तपासावे, याला विज्ञानविरोध म्हणता येत नाही. विज्ञान चालते ते असेच. फक्त ही तपासणी करण्याचा अधिकार राजा आणि पंडितांपुरता राहू नये, यवतमाळच्या मजुरीणीलाही तो असावा.

मी विज्ञानाच्या बाजूची आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. लस, जयपूर फूट, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, दूरच्या नातवंडांचा रोज दिसणारा चेहरा, यांतले काहीच मला परत द्यायचे नाही, आणि कोणी परत द्यावे असेही मी म्हणणार नाही. उलट, हे सारे अधिक माणसांपर्यंत पोचावे असे वाटते. पण फायदे पोचवताना ज्या वेगाने आपण धावलो, त्याच वेगाने धोक्याची माहिती पोचवण्याचे काम कोणी केले नाही. सरकार, कंपन्या आणि विक्रेते यांच्याकडून ते आपणहून होईल अशी आशा धरून पुष्कळ वर्षे गेली. ज्या संस्थेला विकायचे काही नाही आणि जिच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे, अशा संस्थेनेच हे करायला हवे. मराठीत अशी संस्था आपण आहात.

पुढच्या अखिल भारतीय अधिवेशनात या विषयाला एक पूर्ण सत्र द्यावे आणि पहिल्या तीन वाचनांच्या तारखा तिथेच जाहीर कराव्यात, ही माझी विनंती. यवतमाळचे वाचन पेरणी आणि फवारणी यांच्या मधल्या दिवसांत व्हायला हवे, त्यासाठी पत्रकांची मराठी प्रत सोप्या भाषेत आणि मोठ्या अक्षरांत तयार करायला आतापासून माणसे लागतील. ते काम मी जयपुरात बसून करायला तयार आहे, आणि इथल्या मराठी मंडळींपैकी जे येतील त्यांना बरोबर घेईन. आपले उत्तर होकारार्थी आले तर पहिले पत्रक कोणते घ्यायचे ते यवतमाळच्या शेतमजुरांनाच विचारू या.



आपली नम्र,
एक मराठी वाचक
तिलक नगर, जयपूर